नव्या संगणकाचा ‘बूस्ट’ वेग : बिलावरचा आकडा आणि पडद्यावरचा आकडा



आपल्या शाळेच्या संगणक कक्षात गेल्या महिन्यात आठ नवे डेस्कटॉप संगणक बसले, हे आपणांस ठाऊक आहेच. माजी विद्यार्थ्यांच्या देणगीतून ते घेतले गेले. तयार कंपनीचे संगणक न घेता सुटे भाग आणून जोडून घेतले, म्हणजे त्याच पैशांत दोन संगणक जास्त आले. बिलावर प्रोसेसरच्या नावापुढे ‘४.४ गिगाहर्ट्झ’ असे लिहिले होते. तिसऱ्याच दिवशी आठवीतल्या एका विद्यार्थ्याने विंडोजमधील संगणकाची माहिती देणारे पान उघडले. तिथे स्पष्ट लिहिलेले, २.५० गिगाहर्ट्झ. “सर, बिलात चार पॉइंट चार हाय, हे तर अडीचच दाखवतंय की!” या एका वाक्याने पुढचे सगळे सुरू झाले.

मुलाने पाहिले ते बरोबरच पाहिले, आणि विचारले हे त्याहून चांगले केले. पण गोष्ट घरी गेली, घरून पालक सभेत आली आणि विश्वस्त मंडळाने बिलाचा शेवटचा हप्ता तूर्त रोखून धरला. संगणक जोडून देणारा तरुण याच शाळेचा विद्यार्थी. याच बाकांवर बसून शिकलेल्या मुलाने शाळेलाच फसवले, अशी कुजबुज गावात सुरू झाली. दुकानाचे नाव आम्ही इथे मुद्दाम देत नाही. देणगीचा पैसा आहे, त्याचा हिशेब विचारणे हे विश्वस्तांचे कामच आहे. मात्र हिशेब विचारण्याआधी हे दोन आकडे काय आहेत ते समजून घेतले पाहिजे. म्हणून संगणक विभागाच्या वतीने हा लेख.

आधी उत्तर सांगून टाकतो. दोन्ही आकडे खरे आहेत आणि दोन्ही एकाच प्रोसेसरचे आहेत. आपल्या संगणकांत इंटेल कंपनीचा कोअर आय५-१२४०० हा प्रोसेसर आहे. जानेवारी २०२२ मध्ये तो बाजारात आला. त्याचा मूळ वेग २.५ गिगाहर्ट्झ आणि कमाल वाढीव वेग ४.४ गिगाहर्ट्झ, असे कंपनीच स्वतः जाहीर करते. मूळ वेगाला ‘बेस क्लॉक’ म्हणतात व वाढीव वेगाला ‘बूस्ट’ किंवा ‘टर्बो’. दुकानदाराने बिलावर मोठा आकडा लिहिला, विंडोजने त्या पानावर लहान आकडा लिहिला. दोघांपैकी कोणीच खोटे बोलले नाही. पण दोघांनीही पूर्ण सांगितले नाही.

आता हा वेग म्हणजे काय ते पाहू. प्रोसेसरला एक ताल लागतो. लेझीमच्या पथकात हलगीच्या ठेक्यावर सगळ्यांची पावले एकदम पडतात, तसे प्रोसेसरमधील कोट्यवधी सूक्ष्म स्विच या तालावर उघडतात-मिटतात. ताल नसेल तर एकाचे काम व्हायच्या आत दुसरा पुढे धावेल आणि हिशेब चुकेल. सेकंदाला एक ठोका म्हणजे एक हर्ट्झ. २.५ गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला २५० कोटी ठोके, ४.४ गिगाहर्ट्झ म्हणजे ४४० कोटी ठोके. सेकंदात तीन लाख किलोमीटर जाणारा प्रकाश दोन ठोक्यांच्या मधल्या अवधीत जेमतेम ६.८ सेंटिमीटर पुढे सरकतो. दहावीच्या मुलांनी हे गणित स्वतः करून पाहावे, अवघड नाही.

पूर्वी हा ताल ठरलेला असे. १९८१ साली आयबीएमचा पहिला ‘पर्सनल कॉम्प्युटर’ आला, त्याचा वेग ४.७७ मेगाहर्ट्झ. मेगा, गिगा नव्हे. म्हणजे आजच्या हिशेबात हजारावा भाग. पुढे वेगवान संगणक आले तेव्हा एक गंमत झाली. जुने खेळ त्या ४.७७ च्या तालावरच लिहिलेले असत, ते नव्या संगणकावर इतके भरभर पळत की खेळताच येत नसत. म्हणून कॅबिनेटवर ‘टर्बो’ नावाचे बटण आले. नाव टर्बो, पण उपयोग वेग कमी करण्यासाठी! ज्या पालकांनी नव्वदच्या दशकात संगणकाचे क्लास केले असतील त्यांना ते बटण व शेजारचे लाल किंवा हिरवे आकडे आठवत असतील. आजच्या टर्बोचा त्या बटणाशी नावापलीकडे संबंध नाही.

१९९३ च्या मार्चमध्ये पेंटियम आला, ६० आणि ६६ मेगाहर्ट्झचा. ज्यांना ‘पेंटियमचे जनक’ म्हटले जाते ते विनोद धाम पुण्यात जन्मलेले, हे आपल्या मुलांना माहीत असायला हवे. तिथून पुढची दहा-अकरा वर्षे वेगाची नुसती चढाओढ होती. दरवर्षी आकडा वाढायचा आणि लोक आकडा बघूनच संगणक घ्यायचे. ‘किती मेगाहर्ट्झचा?’ हा प्रश्न त्या काळी ‘किती एकर?’ या प्रश्नासारखा विचारला जाई. आणि मग २००४ साली ही गाडी थांबली. पेंटियम ४ हा प्रोसेसर ३.८ गिगाहर्ट्झपर्यंत पोचला. ४ गिगाहर्ट्झचा येणार म्हणून जाहीर झालेला प्रोसेसर कंपनीने त्याच वर्षी रद्द केला. इंटेलचे तेव्हाचे प्रमुख क्रेग बॅरेट यांनी एका परिषदेत मंचावर गुडघे टेकून त्याबद्दल माफी मागितली. इंटेलच्या घरगुती डेस्कटॉप प्रोसेसरचा मूळ वेग ४ गिगाहर्ट्झवर यायला पुढे २०१४ साल उजाडले.

गाडी कशाने थांबली? उष्णतेने. आणि बूस्टचे सगळे कोडे या एका शब्दात आहे, म्हणून इथे थोडे थांबू.

प्रोसेसर जी वीज खातो ती साऱ्याची सारी शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते. पंप पाणी उचलतो, गिरणी पीठ दळते, तसे इथे काही हलत नाही. वीज आत जाते, उष्णता बाहेर येते. किती वीज लागेल याचे सूत्र सोपे आहे : ठोक्यांचा वेग गुणिले व्होल्टेजचा वर्ग, गुणिले त्या स्विचांची विद्युतधारिता. धारिता चिपच्या घडणीत ठरून गेलेली असते, ती आपल्या हातात नाही. वेग दुप्पट केला तर वीज दुप्पट लागली पाहिजे, इतकेच असते तर काम सोपे होते. पण वेग वाढवायचा तर स्विच अधिक झटकन उघडले पाहिजेत, आणि त्यासाठी व्होल्टेजही वाढवावे लागते. व्होल्टेजचा तर वर्ग होतो.

उदाहरण घेऊ. समजा २.५ गिगाहर्ट्झला ०.९ व्होल्ट पुरतात आणि ४.४ गिगाहर्ट्झला १.२ व्होल्ट लागतात. वेग वाढला १.७६ पट. व्होल्टेज वाढले १.३३ पट, त्याचा वर्ग सुमारे १.७८. दोन्हींचा गुणाकार ३.१३. म्हणजे काम पावणेदोन पट, पण वीज व उष्णता तिपटीहून जास्त. व्होल्टचे हे आकडे समजुतीसाठी घेतले आहेत, प्रत्येक चिपचे ते वेगळे असतात. पण प्रमाण साधारण असेच बिघडत जाते. शेवटच्या थोड्या वेगासाठी सर्वांत जास्त किंमत मोजावी लागते.

म्हणून कंपन्यांनी वाट बदलली. एकाच मजुराला अधिक पळवण्याऐवजी चार मजूर लावले. एका चिपमध्ये दोन, चार, सहा गाभे आले. त्यांना ‘कोअर’ म्हणतात. आपल्या संगणकात सहा कोअर आहेत. पण त्यातून नवा प्रश्न निघाला. सगळे कोअर एकदम राबले तरी चिप तापू नये, असा वेग ठेवायचा तर तो कमी ठेवावा लागतो. आणि आपल्या रोजच्या कामात, पत्र टाईप करताना किंवा एखादे पान उघडताना, एक-दोनच कोअर राबतात, बाकीचे बसून असतात. मग जो राबतो आहे त्याने तरी हळू का चालावे? बाकीच्यांच्या वाटणीची वीज त्याला द्यावी, तो पळेल. हीच बूस्टची कल्पना. नोव्हेंबर २००८ मध्ये इंटेलच्या पहिल्या कोअर आय७ बरोबर डेस्कटॉपवर ‘टर्बो बूस्ट’ आले. त्यातला आय७-९२० मूळ २.६६ चा, बूस्टमध्ये २.९३ चा. वाढ केवढी, तर पाव गिगाहर्ट्झ. एएमडी कंपनीने २०१० मध्ये सहा कोअरच्या फेनम प्रोसेसरवर ‘टर्बो कोअर’ आणले, ३.२ वरून ३.६. आज २.५ वरून ४.४ अशी उडी आहे. मूळ आणि वाढीव यांतले अंतर असे रुंदावत गेले म्हणूनच आपल्यासारख्यांचा गोंधळ होतो. २००८ साली त्या मुलाने तक्रार केली नसती, कारण फरक त्याच्या डोळ्यांत भरलाच नसता.

आपल्या गावातील बरेच पालक बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्रीत किंवा मशीन शॉपमध्ये कामाला आहेत. त्यांना हे आमच्यापेक्षा लवकर कळेल. मोटरच्या नावपट्टीवर तिची ताकद लिहिलेली असते. ती सतत, दिवसभर चालवण्यासाठी. थोडा वेळ त्याहून जास्त भार दिला तर मोटर लगेच जळत नाही, वाइंडिंग तापायला वेळ लागतो. क्रेनच्या मोटरला तर थोडा वेळ चालण्याचाच हिशेब लावलेला असतो. बेस क्लॉक ही दिवसभराची नावपट्टी आहे आणि बूस्ट ही थोड्या वेळाची ताकद. फरक इतकाच की प्रोसेसर स्वतःच्या अंगाचा ताप स्वतः मोजतो आणि सेकंदाला कितीतरी वेळा वेग वर-खाली करतो. मोटरला ते जमत नाही, तिला ओव्हरलोड रिले लावावा लागतो.

बूस्ट कुठवर जाईल हे तीन-चार गोष्टींवर ठरते. एक, किती कोअर राबत आहेत. आपल्या प्रोसेसरमध्ये एखाद-दुसरा कोअर राबत असेल तर ४.४ पर्यंत मजल जाते; सहाही राबू लागले तर कमाल ४.० च. म्हणजे ४.४ हा आकडा सहाही कोअरांना एकदम कधीच मिळायचा नसतो, संगणक कितीही महागाचा असो. दुसरी गोष्ट विजेची. या प्रोसेसरची कायमची मर्यादा ६५ वॅट आणि थोड्या वेळाची ११७ वॅट. थोडा वेळ म्हणजे साधारण २८ सेकंदांच्या सरासरीचा हिशेब असतो. आधी विश्रांती झालेली असेल तर जास्त उधारी मिळते, राबणूक चालूच असेल तर कमी. अर्थात मदरबोर्ड बनवणाऱ्या कंपन्या या मर्यादा आपल्या मर्जीने सैलही करतात, त्यामुळे तोच प्रोसेसर दोन वेगळ्या बोर्डांवर थोडा वेगळा वागतो. आणि उरले तापमान. १०० अंश सेल्सिअसला पोचताच हा प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करू लागतो. तो जळत नाही, मंद होतो. यामुळेच दोष लपून राहतो. बंद पडला असता तर लगेच कळले असते.

एवढे वाचून कोणी म्हणेल, पुस्तकात ठीक आहे, आपल्या संगणकांचे काय? म्हणून एका शनिवारी नववीच्या मुलांना घेऊन आम्ही आठही संगणक तपासले. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये ‘परफॉर्मन्स’ या भागात प्रोसेसरवर टिचकी मारली की दोन आकडे दिसतात. ‘बेस स्पीड’ हा कायम २.५० राहतो आणि ‘स्पीड’ हा सतत हलतो. ज्या पानावर पहिल्या दिवशी २.५० दिसले होते तिथे फक्त चिपची नावपट्टी वाचून दाखवलेली असते, त्या क्षणाचा वेग नव्हे. वादाचे मूळ इथे आहे. याशिवाय एचडब्ल्यूइन्फो नावाचा मोफत प्रोग्रॅम घेतला, तो प्रत्येक कोअरचा वेग, तापमान, वॅट आणि आतापर्यंतचा कमाल आकडाही दाखवतो. राबवण्यासाठी सिनेबेंच ही मोफत चाचणी घेतली, ती एकाच कोअरवर किंवा सगळ्यांवर मिळून चालवता येते.

एका कोअरची चाचणी लावली तेव्हा आठही संगणकांवर ४.४ हा आकडा उमटला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. बिलावरचा आकडा डोळ्यांनी दिसला, म्हणजे प्रोसेसर अस्सल, जो सांगितला तोच. मग सगळ्या कोअरांची चाचणी लावली. सुरुवातीला ४.०, आणि अर्ध्या-पाऊण मिनिटाने थोडा उतरून ३.८-३.९ च्या आसपास स्थिर. काही काम नसताना वेग एक गिगाहर्ट्झपर्यंतही खाली येत होता. तेही चांगलेच आहे, वीज वाचते.

हे सात संगणकांचे झाले. पाचव्या क्रमांकाचा संगणक सगळे कोअर राबू लागताच मिनिटभरात १०० अंशांवर गेला आणि वेग घसरून तीनच्या जवळ घुटमळू लागला. पंखा तर जोरात फिरत होता. कॅबिनेट उघडले तेव्हा कारण सापडले. प्रोसेसरवरचा पंखा व त्याखालची ॲल्युमिनियमची चकती मदरबोर्डला चार प्लॅस्टिकच्या खुंट्यांनी बसवलेली असते. त्यातली एक खुंटी पुरती आत गेलेली नव्हती. वरून पाहता चारही सारख्याच दिसत. बोर्डाच्या मागल्या बाजूने पाहिले तेव्हा कळले. एक कोपरा केसभर उचललेला, म्हणजे चकती आणि चिप यांची गाठ नीट पडलेली नाही, उष्णता जायला वाट नाही. रोजच्या टायपिंगमध्ये हा दोष कधीच जाणवला नसता. एप्रिल-मेच्या उकाड्यात तासभर काम चालले की ‘हा संगणक जरा मंदच आहे’ एवढे मुले म्हणाली असती, आणि तो तसाच राहिला असता.

आम्ही जोडणाऱ्याला बोलावून दाखवले. त्याने जुना थर पुसून नवी थर्मल पेस्ट लावली, चारही खुंट्या टक् आवाज होईपर्यंत दाबून बसवल्या, आणि पुन्हा चाचणी घेतली. पाचवाही इतरांच्या रांगेत आला. तेव्हा आमचे मत असे : प्रोसेसरच्या वेगाबाबत शाळेची फसवणूक झालेली नाही. एका संगणकाच्या जोडणीत हयगय होती, ती त्याने दुरुस्त केली. हा अहवाल आम्ही विश्वस्त मंडळाला दिला आहे आणि रोखलेला हप्ता द्यावा अशी शिफारस केली आहे. पुढच्या खरेदीत मात्र शेवटचा हप्ता चाचणीनंतरच द्यावा, हेही लिहिले आहे. त्यात कोणाचा अविश्वास नाही. बैल घेताना चालवून बघतो, तशातली गोष्ट.

सभेत आणखी एक प्रश्न आला होता, तो चांगला होता. एएमडीच्या रायझन ५ ५६००जी या प्रोसेसरचाही वाढीव वेग ४.४ च आहे, आणि मूळ वेग तर ३.९, मग २.५ चा का घेतला? आकडे बरोबर आहेत. तोही सहा कोअरचा आणि ६५ वॅटचा. पण मूळ वेग म्हणजे कोणत्या कामाच्या ओझ्याखाली किती वेगाची खात्री, हे प्रत्येक कंपनी आपापल्या रीतीने ठरवते. एकाने हात राखून आश्वासन दिले, दुसऱ्याने थोडे सढळ दिले, एवढ्यावरून प्रत्यक्ष काम ठरत नाही. आपण पाहिलेच की २.५ चे आश्वासन देणारा आपला प्रोसेसर सगळे कोअर राबतानाही चारच्या आसपास चालतो. तेव्हा दोन कंपन्यांचे मूळ आकडे शेजारी ठेवून तुलना करू नये. वाढीव आकड्यांचेही तेच. एकाच कंपनीच्या एकाच पिढीतील दोन प्रोसेसर असतील तर तुलनेला थोडा अर्थ आहे.

गिगाहर्ट्झ म्हणजे ठोके. एका ठोक्याला किती काम उरकते हे त्यात येत नाही. २००४ चा तो ३.८ चा पेंटियम ४ आणि आपला २.५ चा प्रोसेसर यांची शर्यत लावली, बूस्ट बंद ठेवून, एकाच कोअरवर, तरी आपला सहज पुढे जाईल. लहान पावलांनी भराभर चालणारा आणि लांब टांगा टाकणारा यांच्यातला हा फरक. आणि अनेकांनी मिळून काम करण्याचे मोल काय, याचे उदाहरण आपल्याकडचेच आहे. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅकने डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक उभा केला. त्यातला एकेक प्रोसेसर आजच्या मानाने अगदीच साधा, मेगाहर्ट्झमध्ये वेग मोजावा असा. पण कितीतरी जण समांतर जोडून एकत्र राबवले म्हणून तो महासंगणक झाला.

हा गोंधळ आपल्या गावापुरताच नाही, हेही सांगितले पाहिजे. २०१९ मध्ये एएमडीचे रायझन ३००० मालिकेचे प्रोसेसर आले तेव्हा जगभरच्या ग्राहकांनी तक्रार केली की खोक्यावर लिहिलेला बूस्टचा आकडा पडद्यावर उमटतच नाही, थोडा अलीकडेच थांबतो. जर्मनीतील एका जाणकाराने लोकांकडून मोजमापे मागवून ती जाहीर केली. शेवटी सप्टेंबर २०१९ मध्ये कंपनीने मदरबोर्डच्या बायोसमध्ये सुधारणा दिली, त्याने २५ ते ५० मेगाहर्ट्झची कसर भरून निघाली. ही कसर एक टक्क्याच्या आसपासची. प्रत्यक्ष कामात कोणाला जाणवलीही नसती. तरी लोक अडून बसले, कारण छापील शब्द पाळला गेला पाहिजे. आम्हाला हे योग्य वाटते. आणि मोठ्या अक्षरांत वाढीव आकडा व बारीक अक्षरांत ‘पर्यंत’ हा शब्द, ही जाहिरातीची रीत आम्हाला मुळीच पसंत नाही. तो ‘पर्यंत’ बिलावर लिहायला दुकानदाराला शाई किती लागली असती?

पालकांपैकी कोणी घरी संगणक घेणार असतील तर त्यांनी बिलावर प्रोसेसरचे पूर्ण नाव लिहून घ्यावे, नुसते ‘आय५’ किंवा ‘रायझन ५’ नको. पूर्ण नावावरून मूळ वेग, वाढीव वेग, कोअर, वॅट हे सगळे कंपनीच्या माहितीत सापडते. लॅपटॉप घेणाऱ्यांनी जास्त जपावे. तिथे एकच प्रोसेसर एका मॉडेलमध्ये जास्त वॅटवर आणि दुसऱ्या, पातळ मॉडेलमध्ये कमी वॅटवर चालवलेला असतो. खोक्यावर बूस्टचा आकडा तोच, पण दहा मिनिटांनी दोघांची चाल वेगळी. आणि अभ्यासापुरता संगणक असेल तर बूस्टच्या ०.२ साठी पैसे घालण्यापेक्षा ते एसएसडी व पुरेशा रॅमवर घालावेत. फरक डोळ्यांना तिथे दिसतो.

संगणक अचानक मूळ वेगाच्या वर जायचाच थांबला, तर प्रोसेसर बिघडला असे धरून चालू नये. विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० टक्के असते. ती कोणी ९९ केली तर एका टक्क्याने वेग कमी होईल असे वाटते. प्रत्यक्षात बूस्टच बंद होतो. उलट उन्हाळ्यात जुना लॅपटॉप फार तापत असेल तर हीच युक्ती मुद्दाम वापरता येते. बायोसमध्येही टर्बो चालू-बंद करण्याची सोय असते.

राहिली निगा. आपल्याकडची तांबडी माती उन्हाळ्यात कशी उडते हे सांगायला नको. ती पंख्याच्या पात्यांवर आणि चकतीच्या फटींत बसते आणि पावसाळ्याच्या दमट हवेत तिचा थर घट्ट होतो. त्यामुळे पावसाळ्याआधी एकदा व दिवाळीच्या सुट्टीत एकदा, वीज पूर्ण बंद करून, मऊ ब्रशने किंवा ब्लोअरने धूळ काढावी. पंखा बोटाने धरून ठेवावा, वाऱ्याने गरागरा फिरू देऊ नये. कॅबिनेट भिंतीपासून वीतभर दूर असावे. दार असलेल्या टेबलाच्या कप्प्यात ठेवले असेल तर दार उघडे ठेवावे. त्या शनिवारी मुलांनी तीन क्रमांकाचा संगणक दार लावून व उघडून असा दोनदा चालवला आणि दोन्ही वेळचे तापमान वहीत लिहिले. दार लावले की आकडा चढतो हे त्यांना स्वतःच दिसले. तेव्हापासून कक्षातल्या टेबलांची दारे काढून ठेवली आहेत.

आठही संगणकांच्या मोजमापांचा तक्ता संगणक कक्षाच्या दारावर लावला आहे. पुढची तपासणी पावसाळा संपल्यावर पहिल्या शनिवारी होईल. ज्या पालकांना आपल्या घरचा संगणक कसा तपासावा हे पाहायचे असेल त्यांनी त्या दिवशी शाळा सुटल्यावर यावे, येताना बिल सोबत आणावे. दाखवण्याचे काम नववीची मुले करतील.